चालणारी म्हातारी कुणाला नको आहे?

‘गोळ्या लागू पडल्या बघा. आता गप बसून असतात.’

स्मृतिभ्रंश झालेल्या बाईच्या घरी भेटीला गेलं की हे वाक्य मला हमखास ऐकायला मिळतं. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव असतो आणि तो खोटा नसतो. पण कोपऱ्यात बसलेल्या त्या बाईकडे पाहताना माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, ही शांत झाली आहे की हिला आता उठताच येत नाही?

हा फरक घरात कुणी बघत नाही, दवाखान्यात कुणी विचारत नाही, आणि आपल्या चळवळीतही त्यावर कधी बोलणं झालेलं मला आठवत नाही. म्हणून हा लेख.

आपल्याकडे बाईच्या चालण्याचा हिशेब कायम मागितला गेला. कुठं चाललीस, कशाला चाललीस, कुणाबरोबर चाललीस? म्हातारपणी हा पहारा जरा सैल होतो. बाई देवळात जाते, बाजारात जाते, लेकीकडे चार दिवस राहून येते. नेमकं त्याच वयात स्मृतिभ्रंश गाठतो आणि दाराला पुन्हा कडी लागते. ‘म्हातारचळ लागलाय’ असं म्हटलं की बाईच्या चालण्याला काही कारण असू शकतं, हेच कुणी मान्य करत नाही.

मी औषधांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकते. माझं म्हणणं एवढंच आहे की औषध लागू पडलं की नाही हे ठरवताना ‘घराला त्रास कमी झाला का’ या प्रश्नाइतकाच ‘ती पूर्वीसारखी चालते का’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. आज पहिला विचारला जातो, दुसरा नाही.

प्रश्न थोड्या बायकांचा नाही. भारतात साठीपुढच्या माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात आहे. त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आणि खेड्यांतलं शहरांपेक्षा जास्त. स्मृतिभ्रंशाचं सर्वांत मोठं कारण अल्झायमर. हा रोग ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात तपासलेली, पुढे प्रसिद्ध झालेली रुग्णही बाईच होती, ५१ वर्षांची ऑगस्टे डेटर. (रोगाला नाव डॉक्टरांचं मिळालं. तिचं नाव किती जणींनी ऐकलं आहे?)

आता चालण्याकडे येऊ. चालणं हे पायांचं काम, असा आपला समज. पण भरलेली घागर घेऊन ओल्या अंगणातून जाणारी बाई बघा. तिचं लक्ष पावलावर असतं, घागरीवर असतं, मध्ये आलेल्या पोरावर असतं. हे सगळं मेंदू सांभाळतो. अल्झायमरमध्ये आठवण जाते तसं हे लक्ष विभागण्याचं कसबही कमी होतं. पावलं लहान होतात, वळताना तोल जातो, एक पाऊल लांब पडतं आणि पुढचं आखूड. स्वीडनमध्ये १९९७ साली एक साधं निरीक्षण प्रसिद्ध झालं होतं. चालताना कुणी बोलायला लागलं की ज्या वृद्ध व्यक्ती थांबून जात, त्याच पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडल्या. कसलंही यंत्र नको, तपासणी नको. सासूशी बोलत बोलत अंगणापर्यंत जाणाऱ्या कुठल्याही सुनेला हे दिसू शकतं. स्मृतिभ्रंश असलेली माणसं त्याच वयाच्या इतरांपेक्षा दुपटीने किंवा त्याहूनही जास्त पडतात. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं ठिसूळ होतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत पडणं आणि मोडणं यांत फारसं अंतर उरत नाही.

म्हणजे मूळ रोगच चालणं बिघडवतो. मग औषधं काय करतात?

इथे दोन प्रकारची औषधं वेगळी ओळखायला हवीत. घरात ती सगळी एकाच डब्यात असतात आणि सगळ्यांना ‘डोक्याच्या गोळ्या’ म्हणतात.

पहिली, आठवणीसाठीची. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन ही एका जातीची. मेंदूत अॅसिटिलकोलीन नावाचं एक रसायन असतं, ते लवकर मोडू नये अशी तजवीज ती करतात. मेमँटिन वेगळ्या वाटेनं काम करतं. यांतलं एकही औषध रोग थांबवत नाही. काही जणींना काही काळ थोडा आधार मिळतो, तेवढंच. अॅसिटिलकोलीनचा संबंध लक्षाशीही आहे, म्हणून ही औषधं चालणं सुधारतील का, हे काही डॉक्टरांनी तपासून पाहिलं. कॅनडातल्या एका लहान चाचणीत सौम्य अल्झायमर असलेल्यांचा चालण्याचा वेग डोनेपेझिल सुरू केल्यावर थोडा वाढलेला दिसला. तो अभ्यास २०१५ चा. फ्रान्समध्ये मेमँटिन घेणाऱ्यांची पावलं जरा एकसारखी पडू लागल्याचं आढळलं. ब्रिटनमध्ये २०१६ साली रिव्हास्टिग्मिनने पावलं स्थिरावल्याचं १३० जणांच्या चाचणीत दिसलं, पण ते रुग्ण पार्किन्सनचे होते, अल्झायमरचे नव्हते. एकूण अशी आशा आहे, पण ती मोजक्या माणसांवर उभी आहे.

दुसरी बाजू आकड्यांनी मोठी आहे. याच जातीची औषधं हृदयाचे ठोके मंद करू शकतात. ठोके फार मंद झाले की भोवळ येते, आणि भोवळ येऊन पडलेली बाई ‘पाय घसरून पडली’ अशी नोंदली जाते. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ही औषधं घेणाऱ्या १९,८०३ वृद्धांची तुलना ती न घेणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांशी केली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भोवळीमुळे रुग्णालयात येणाऱ्यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत वर्षाला हजारी ३१.५ होतं, न घेणाऱ्यांत १८.६. खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण २२.४ विरुद्ध १९.८. अशा तुलनेवरून गोळीनेच हाड मोडलं असं सिद्ध होत नाही. २०११ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर भोवळीचा धोका पुन्हा दिसला, एकूण पडण्यात मात्र स्पष्ट वाढ दिसली नाही. तरीही आपल्याला वागायला एवढं पुरेसं आहे. ही गोळी सुरू करण्याआधी आणि मात्रा वाढवल्यावर नाडी मोजायला हवी. आपल्या आयाबायांना रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अॅटेनोलॉल आधीच चालू असतं, आणि तेही ठोके मंद करतं. दोन वेगळे डॉक्टर, दोन वेगळ्या चिठ्ठ्या, हृदय मात्र एकच. शिवाय मळमळ, जुलाब, भूक मंदावणं. आधीच चाळीस किलोची असलेली बाई आणखी वाळते, मांड्यांतली ताकद जाते, आणि जमिनीवरून उठताना भिंत धरावी लागते.

दुसऱ्या प्रकारची औषधं आठवणीसाठी नसतातच. ती असतात गप्प करण्यासाठी. रिस्पेरिडोन, ओलांझापिन, क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल. आणि झोपेसाठी क्लोनाझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम. कधीकधी ती लागतात. बाईला भयंकर भास होत असतील, ती स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, तर थोड्या दिवसांसाठी, लहान मात्रेत, नजर ठेवून ती द्यावी लागतात. हे मी नाकारत नाही. पण यांतली पहिली चार कमीअधिक प्रमाणात अंग ताठर करतात. हात चालताना हलायचे थांबतात, पाय जमिनीवरून उचलला न जाता घासत जातो, चेहऱ्यावरचे भाव पुसले जातात. या जातीच्या औषधांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला होता. सुमारे दहा आठवड्यांच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी साधारण ४.५ टक्के दगावले, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २.६ टक्के. एवढी वर्षं झाली, आणि आमच्या भागात अजून ही गोळी ‘जरा शांत राहण्यासाठी’ म्हणून महिनोन्महिने चालू राहते.

मी सोलापूरच्या पूर्व भागात काम करते. तिथल्या एका आजींबद्दल सांगते. लहानपणापासून विड्या वळल्या. आयुष्यभर एकच रस्ता, घर ते कारखाना. पानं-तंबाखू आणायची, वळलेल्या विड्या द्यायच्या, छाट निघालेल्या विड्यांवरून मुनीमाशी भांडायचं. सत्तरीत विसर सुरू झाला. कारखाना सुटून वर्षं झाली होती, पण रोज सकाळी रिकामी पिशवी काखेत मारून आजी निघायच्या. घरचे म्हणत, ‘भटकतात.’ मला ते भटकणं कधी वाटलं नाही. त्या कामावर जात होत्या. एकदा हमरस्त्यापर्यंत पोचल्या, तेव्हा घर हादरलं, आणि ते साहजिकच होतं. मुलगा यंत्रमागावर, कधी दिवसपाळी कधी रात्रपाळी. सूनही विड्याच वळते. तिची मजुरी हजारावर. सासूच्या मागे तासभर फिरली की तेवढ्या विड्या कमी, तेवढे पैसे कमी.

एका डॉक्टरांनी डोनेपेझिलबरोबर रिस्पेरिडोन आणि रात्रीसाठी क्लोनाझेपाम दिलं. पंधरा दिवसांत आजी बाहेर पडायच्या थांबल्या. सगळे म्हणाले, गुण आला. दोन महिन्यांनी मी गेले तेव्हा त्या मोरीपर्यंत जाताना पाय घासत होत्या आणि हात थरथरत होता. थरथर दाखवायला मुलगा दवाखान्यात गेला, तर चिठ्ठीत आणखी एक गोळी वाढली, ट्रायहेक्सिफेनिडिल. ही गोळी थरथर कमी करते खरी, पण कशी? अॅसिटिलकोलीनचं काम अडवून. म्हणजे एक गोळी ज्या रसायनाला धरून ठेवायचा प्रयत्न करते, दुसरी त्यालाच अडवते, आणि दोन्ही त्याच घोटभर पाण्याबरोबर पोटात जातात. आजींचा गोंधळ वाढला. घरच्यांना वाटलं, रोग वाढला. आमच्या संस्थेतल्या डॉक्टर मैत्रिणीला कागद दाखवून मी परत जाईपर्यंत त्या मोरीच्या उंबऱ्यावर पडल्या होत्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण आजी पुन्हा चालल्या नाहीत.

सुनेचं काय झालं? पूर्वी ती दिवसातून दोनदा सासूला रस्त्यावरून परत आणायची. आता ती तिला दिवसातून सहा वेळा कुशीवर वळवते, भांडं देते, जखमा पुसते. विड्या निम्म्यावर आल्या. सासूच्या चालण्याचा हक्क आणि सुनेच्या सुटकेचा हक्क हे एकमेकांविरुद्ध आहेत, असं आपल्याला सारखं सांगितलं जातं. त्या दहा बाय दहाच्या खोलीत मला तसं दिसलं नाही. सासू खाटेला खिळली आणि सूनही तिच्याबरोबर खिळली.

या सगळ्या काळात दवाखान्यात कोण जात होतं? मुलगा. हे मी घरोघर पाहते. रोग्याला पाहणारी बाई वेगळी आणि डॉक्टरांना सांगणारा पुरुष वेगळा. मुलगा रात्री घरी येतो, त्याला दिसतं ते ‘झोपत नाही, त्रास देते’. तेच तो सांगतो. पाय कधीपासून घासतो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का, गोळी दिल्यावर किती वेळाने तोल जातो, हे सुनेला किंवा लेकीला माहीत असतं, आणि तिला दवाखान्यात कुणी नेत नाही. नेलं तरी बोलू देत नाहीत. ‘तू थांब, मी सांगतो.’ डॉक्टरही बाईला चालताना पाहत नाहीत. ती रिक्षातून येते, हाताला धरून खुर्चीवर बसवली जाते, पाच मिनिटांनी उचलली जाते. जिच्या चालण्यावर औषध परिणाम करणार, तिचं चालणं त्या खोलीत घडतच नाही.

आपल्या चळवळीला हे नवीन वाटायला नको. १९८६ मध्ये स्त्रीसंघटना नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा एक मुद्दा हाच होता की बाईला धोके न सांगता तिच्या शरीरावर औषध वापरलं जातं. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली. कारण काय दिलं? त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही, सांभाळणाऱ्यांना त्रास होतो. महाराष्ट्रभर संघटना रस्त्यावर उतरल्या. मी तेव्हा लहान होते. हे सगळं मी ज्येष्ठ मैत्रिणींकडून ऐकलं आणि नंतर वाचलं. सांभाळणाऱ्याची सोय म्हणजे वैद्यकीय गरज नव्हे, हे त्यांनी तेव्हा ठासून सांगितलं. गप्प करण्यासाठी दिलेली गोळी पाहताना मला तेच आठवतं. फरक हा की गोळी सही मागत नाही आणि जखम दाखवत नाही, त्यामुळे तिच्यावर मोर्चा निघत नाही.

यावर मैत्रिणी म्हणतील, आणि काहींनी म्हटलंही, की सांभाळणारी एकटी असते, तिने करायचं काय? अगदी बरोबर. म्हणूनच मी सुनांना गोळ्या बंद करा असं सांगत नाही, आणि कुणीही मनाने बंद करू नयेत. यांतल्या काही गोळ्या एकदम तोडल्या तर घात होतो. कमी करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. पण गोळीखेरीज काही करता येतं याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात ८१ कुटुंबांत एक प्रयोग झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं घरी जात, रोगाविषयी समजावून सांगत, अवघड वागणुकीला कसं तोंड द्यायचं ते शिकवत, सांभाळणाऱ्याचं ऐकून घेत. सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं, त्यांना जाणवणारा ताण कमी झाला. हे काम तर आपण दुसऱ्या नावांनी वर्षानुवर्षं करतच आलो आहोत.

आमच्या संस्थेत आम्ही यंदा थोडी सुरुवात केली. आरोग्य शिबिरात जमिनीवर खडूने तीन मीटरची रेघ मारतो. बाईला खुर्चीतून उठायला, रेघेच्या टोकापर्यंत तिच्या नेहमीच्या चालीने जाऊन वळायला आणि परत येऊन बसायला सांगतो. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतो. शेजारी एक जण उभी असतेच. सेकंद आणि नाडी वहीत लिहितो, खाली डब्यातल्या सगळ्या गोळ्यांची नावं, रक्तदाबाच्या आणि सर्दी-खोकल्याच्या धरून. नवी गोळी सुरू होण्याआधी एकदा, आणि नंतर महिन्याभराने पुन्हा. ते पान सुनेच्या हातात देतो आणि पहिल्या वेळी तिच्याबरोबर दवाखान्यात जातो. काही डॉक्टर वैतागतात. एकांनी मात्र पान पाहून दोन गोळ्या तिथेच कमी केल्या आणि विचारलं, हे आधी का नाही आणलंत?

दुसरं काम जास्त अवघड आहे. ज्या बाईला चालायचं आहे तिच्याबरोबर कुणीतरी चालायला हवं. वस्तीतल्या बचत गटांनी आळीपाळीने रोज दुपारी दोन तास एका घरी जावं, आजीला धरून चौकापर्यंत फिरवून आणावं, तेवढ्यात सुनेच्या विड्या होतील, किंवा ती नुसती झोपेल, अशी आमची कल्पना. दोन गटांशी बोलणं झालं. एक गट तयार आहे. दुसऱ्या गटातल्या एका बाईने विचारलं, ‘आम्ही फिरवून आणू हो ताई, पण रात्रपाळी असली की त्यांचा लेक दुपारी घरीच असतो ना? त्याला का नाही सांगत?’

पुढच्या भेटीत मी त्यालाच विचारणार आहे.